जीपला डॅम्पर बसवण्याआधी टायरॉड तपासा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या आगेमागे आपल्या जिल्ह्यात उसाच्या तोडी सुरू होतात आणि शेताकडे जाणारी प्रत्येक पाणंद भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकांखाली जाते. काळ्या रानात ओल असताना पडलेल्या चाकोऱ्या थंडी सरेपर्यंत वाळून विटेसारख्या टणक होतात. मग त्याच वाटेने रोज दोन वेळा जीप घेऊन रानात जाणाऱ्या माणसाच्या हातात स्टिअरिंग कसे उसळते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला सांगावे लागणार नाही. या उसळीवर आणि पुढच्या चाकांच्या थरथरीवर उपाय म्हणून गॅरेजांमध्ये स्टिअरिंगचा डॅम्पर, म्हणजे झटके शोषणारे तेलाचे नळकांडे, बसवून देतात. वस्तू चांगली आहे आणि माझ्याही जीपला ती आहे. परंतु ती ज्या कारणासाठी आणि ज्या घाईने बसवली जाते, त्यातून माझ्या कुटुंबावर जो प्रसंग आला तो इतरांवर येऊ नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी मोहोळ तालुक्यात सीनाकाठी शेती करतो. त्याआधी सोलापुरातील एका सूतगिरणीत मी सव्वीस वर्षे फिटर होतो. माझी जीप जुनी आहे. ती फोर बाय फोर असून तिला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारी एकच तुळई) आणि पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत. तीन वर्षांपूर्वी बांध उतरताना तिचे पुढचे डावे चाक एका दगडावर जोरात आदळले आणि त्यानंतर वेग ताशी ५०च्या पुढे गेला की स्टिअरिंग थरथरू लागले. शहरातील एका गॅरेजात गाडी दाखवली, तेव्हा तेथील मिस्त्रींनी ती खालून पाहिलीसुद्धा नाही. डॅम्पर टाकला की थरथर जाईल, असे सांगून त्यांनी तासाभरात तो बसवून दिला. थरथर खरोखरच गेली आणि मी समाधानाने पैसे देऊन घरी आलो. गिरणीत कोणताही शाफ्ट थरथरला की आधी बेअरिंगला हात लावून पाहणारा माणूस मी, पण स्वतःच्या गाडीच्या बाबतीत तेवढी साधी गोष्ट मी केली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

पुढे अडीच महिन्यांनी पत्नी आणि नातू गाडीत असताना पुणे महामार्गावर लांबोटीजवळ सीनेच्या पुलाच्या सांध्यावर पुढचे चाक आपटले आणि दोन्ही पुढची चाके डावी-उजवीकडे इतक्या जोराने फडफडू लागली, की स्टिअरिंग मुठीत ठरेना, बॉनेट डोळ्यांसमोर नाचू लागले आणि मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न तेवढा ऐकू येत राहिला. मी ब्रेक दाबला नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टिअरिंगशी झुंज न घेता ते नुसते घट्ट धरून ठेवले आणि वेग उतरल्यावर गाडी कडेला घेतली. दुसऱ्या दिवशी घरीच जीप घोडीवर (लोखंडी टेकूवर) चढवून पाहिली, तर टायरॉडच्या, म्हणजे दोन्ही पुढच्या चाकांना एकत्र वळवणाऱ्या दांड्याच्या, डाव्या टोकातील गोळा आपल्या वाटीत इतका सैल झाला होता की तो हाताने हलत होता, आणि नव्या डॅम्परच्या दांड्यावरून तेल ओघळलेले होते. म्हणजे दगडावर आदळल्यामुळे सैल झालेल्या सांध्याचे हादरे तो डॅम्पर अडीच महिने एकटा सोसत होता. त्याची ताकद संपली, त्या दिवशी आजार एकदम बाहेर आला. तो गोळा वाटीतून निखळला असता, तर डावे चाक स्टिअरिंगच्या ताब्यातून पूर्णपणे सुटले असते.

हा डॅम्पर काम कसे करतो, हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण ते न समजल्यामुळेच त्याच्याकडून नको ती अपेक्षा केली जाते. बाहेरून तो आडव्या ठेवलेल्या शॉकअपसारखा दिसतो. नळकांड्यात तेल असते, त्यात बारीक छिद्रे आणि झडपा असलेला पिस्टन सरकतो, आणि त्याचे एक टोक चेसिसला किंवा एक्सलला व दुसरे टायरॉडला अथवा ड्रॅगलिंकला (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या दांड्याला) जोडलेले असते. विहिरीत पोहताना हात सावकाश पुढे सारला तर पाणी वाट देते आणि जोराने मारला तर तेच पाणी हाताला अडवते. डॅम्परमधील तेलाचेही तसेच आहे. आपण सावकाश स्टिअरिंग वळवतो तेव्हा त्याचा विरोध फारसा जाणवत नाही, पण चाकोरीच्या कडेवर किंवा दगडावर चाक आदळून टायरॉडला अचानक झटका बसतो, तेव्हा त्या झटक्याचा वेग जितका जास्त तितका तेलाचा विरोध वाढतो आणि हातापर्यंत पोहोचणारा तडाखा कमी होतो. रानात जीप चालवताना अंगठे स्टिअरिंगच्या रिमच्या आत अडकवू नयेत, असे जुने ड्रायव्हर सांगतात. झटक्याने फिरलेल्या आऱ्याने अंगठा मोडू शकतो, म्हणून ते सांगतात. डॅम्पर असला तरी ही सवय सोडू नये. साठी उलटलेल्या माझ्यासारख्याच्या मनगटांना आणि खांद्यांना डॅम्परमुळे जो आराम मिळतो, तो मी रोज अनुभवतो.

मात्र डॅम्पर हालचाल मंद करतो, सांध्यातील मोकळीक भरून काढत नाही. ज्या गाड्यांमध्ये पुढचा एक्सल अखंड असतो त्यांत दोन्ही चाके एकाच लोखंडी तुळईच्या दोन टोकांना असतात. एक चाक उंचवट्यावर चढले की तुळई कलते, तिच्याबरोबर फिरते चाकही कलते, आणि कललेला भोवरा जसा आपोआप बाजूला वळू पाहतो तसे ते चाकही वळू पाहते. टायरॉडमुळे ते वळण दुसऱ्या चाकाला पोहोचते, ते परत फिरते आणि हा खेळ एका विशिष्ट वेगाला स्वतःच स्वतःला वाढवत नेतो. सर्व सांधे घट्ट असतील, तर हे हेलकावे जागच्या जागी विरतात. टायरॉडची टोके, ड्रॅगलिंक, किंगपिनची (ज्या खिळीभोवती चाक वळते तिची) बेअरिंगे, चाकाच्या हबची बेअरिंगे, पाट्यांचे आणि शॅकलचे (पाट्याचे टोक टांगणाऱ्या कडीचे) बुश किंवा स्टिअरिंग बॉक्स यांपैकी कशातही मोकळीक असेल, तर त्या मोकळिकीत हेलकाव्यांना वाढायला जागा मिळते. चाकांचे बॅलन्सिंग बिघडणे, दोन टायरमधील हवा कमी-जास्त असणे, टायर वेडावाकडा झिजणे, एवढ्या साध्या कारणांनीसुद्धा सुरुवात होऊ शकते.

सगळ्याच जीपगाड्यांची रचना सारखी नसते, हेही लक्षात घ्यावे. महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० सारख्या गाड्या आणि मारुतीची जिप्सी यांना पुढे अखंड एक्सल आणि पाटे होते. २०२३ मध्ये बाजारात आलेल्या जिम्नीलाही पुढे अखंड एक्सलच आहे, पण तो कॉइल स्प्रिंगवर आहे आणि तिला स्टिअरिंगचा डॅम्पर कंपनीनेच दिलेला आहे. याउलट २०२० मध्ये आलेल्या नव्या थारची पुढची दोन्ही चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर असतात, त्यामुळे एका चाकाचा कल दुसऱ्या चाकाला तसा पोहोचत नाही. शेजाऱ्याने बसवला म्हणून आपणही बसवावा, असा हा भाग नाही. आपल्या गाडीची रचना कोणती आणि कंपनीने तिला मुळात डॅम्पर दिला होता का, हे आधी पाहावे. मुळात दिला असेल, तर त्याच मापाचा घ्यावा.

बसवण्यापूर्वीची तपासणी अर्ध्या तासात होते आणि तिला एक जॅक, दोन घोड्या व एक मदतनीस याखेरीज काही लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना ओट लावावी. इंजिन बंद ठेवून मदतनीसाने स्टिअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे सतत हलवावे आणि आपण खाली वाकून एकेका सांध्यावर हात ठेवावा. जेथे एक बाजू हलते आणि दुसरी क्षणभर उशिरा हलते, तेथे मोकळीक आहे, आणि ती डोळ्यांच्या आधी बोटांना कळते. त्यानंतर पुढची चाके घोडीवर उचलून प्रत्येक चाक वर-खाली धरून हलवावे, म्हणजे किंगपिन आणि हबची बेअरिंगे कळतात. मग तेच चाक डावी-उजवीकडे धरून हलवले की टायरॉडची टोके कळतात. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. डॅम्पर आधीपासून असेल तर तो या तपासणीपुरता सोडून ठेवावा, नाहीतर तोच दोष झाकतो. माझ्या जीपच्या टायरॉडची दोन्ही टोके बदलण्याचा खर्च डॅम्परच्या किमतीपेक्षा जास्त आला नाही, आणि ती बदलून बॅलन्सिंग व अलायमेंट केल्यावर डॅम्परशिवायच थरथर पूर्णपणे थांबली. खरे तर हे काम आधी व्हायला हवे होते.

आता प्रत्यक्ष बसवण्याविषयी. सर्वांत जास्त चुका मापात होतात. डॅम्पर पूर्ण दाबल्यावर त्याची लांबी किती आणि पूर्ण ओढल्यावर किती, हे मोजून घ्यावे. चाके अगदी सरळ असताना पिस्टन साधारण मधोमध यायला हवा. त्यानंतर दोन्ही बाजूंना पूर्ण कटिंग मारून, म्हणजे स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून, पाहावे. चाक नेहमी एक्सलवरील आपल्या मूळ स्टॉपरवरच थांबले पाहिजे आणि त्या क्षणी डॅम्परमध्ये दोन्ही बाजूंना निदान बोटभर चाल शिल्लक राहिली पाहिजे. डॅम्परच संपून चाक थांबत असेल, तर एकतर गाडी एका बाजूला कमी वळेल किंवा सगळा जोर ब्रॅकेटवर येऊन ते तुटेल, आणि वळणाच्या मध्यावर स्टिअरिंग अडकणे यासारखे दुसरे संकट नाही. डॅम्पर शक्य तितका टायरॉडला समांतर असावा, कारण तो तिरपा बसवला की त्याचा बराचसा जोर वाया जातो. पाटे पूर्ण दबले आणि पूर्ण लोंबले, अशा दोन्ही स्थितींत तो डिफरन्शियलला, पाट्यांना किंवा टायरला घासत नाही याची खात्री करावी. एक चाक बांधावर चढवून दुसरे खाली सोडले की हे नीट दिसते. शिवाय तो एक्सलखाली लोंबता नसावा, नाहीतर पहिल्याच नाल्यात दगडाचा मार त्यालाच बसेल.

टायरॉडला पकडण्यासाठी यू-बोल्टचा क्लॅम्प मिळतो, तोच वापरावा आणि तो घट्ट बसला आहे, फिरत नाही, हे पाहावे. टायरॉडला भोक पाडून बोल्ट घालणे किंवा त्यावर पट्टी वेल्डिंग करणे हे मी स्वतः दोन गाड्यांवर पाहिले आहे. ज्या दांड्यावर दोन्ही चाकांची दिशा अवलंबून आहे, तो दांडा आपल्या हाताने कमजोर करणे हा माणसांच्या जिवाशी खेळ आहे, आणि कोणत्याही गॅरेजाने तो करू नये व कोणत्याही मालकाने करू देऊ नये. डॅम्परच्या टोकांच्या कड्यांतील रबरी बुशचे बोल्ट चाके सरळ ठेवूनच शेवटचे आवळावेत, म्हणजे रबर कायमचे पिळून राहत नाही. नट लॉकिंगचे असावेत, किल्ल्याच्या बुरुजासारख्या खाचांचा (कॅसल) नट असेल तर स्प्लिट पिन नवी घालावी. शंभरेक किलोमीटर गाडी चालल्यावर सर्व बोल्ट पुन्हा एकदा पाहावेत, कारण यू-बोल्ट सुरुवातीला हमखास थोडे बसतात.

दुसऱ्या गाडीचा जुना शॉकअप आडवा करून डॅम्पर म्हणून लावण्याची युक्तीही केली जाते. पैसे वाचवण्याची गरज मी समजू शकतो, शेतीत ती कोणाला नाही? पण पाट्यांच्या शॉकअपची रचना उभ्यासाठी असते. साध्या शॉकअपमध्ये तेलाबरोबर थोडी हवा असते, ती उभ्या स्थितीत वर राहते आणि आडवे केले की झडपेतून तेलाऐवजी हवाच जाऊ लागते. दुसरे असे की तो दाबताना कमी आणि ओढताना जास्त विरोध करतो, कारण पाट्यांना तेच हवे असते. स्टिअरिंगला मात्र दोन्ही बाजूंना सारखाच विरोध लागतो. तो सारखा नसेल, तर गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरे वागते. गॅस भरलेल्या डॅम्परचाही असाच एक दोष असतो. त्याचा दांडा सतत बाहेर येऊ पाहतो आणि स्टिअरिंग किंचित एका बाजूला ओढले जाते. अशा वेळी ओढीचे खापर अलायमेंटवर फुटते. म्हणून अलायमेंट आधी डॅम्पर सोडून करावे आणि मग तो जोडून गाडी ओढते का ते पाहावे.

जीप उंच करण्याच्या हौसेचाही येथे संबंध येतो. शॅकल लांब करून किंवा पाटे वाढवून गाडी उचलली की पुढच्या एक्सलचा मागे असलेला कल, ज्याला कॅस्टर म्हणतात, तो बदलतो. वळणातून चाके आपोआप सरळ आणण्याचे काम याच कलाचे असल्यामुळे तो कमी झाला की गाडी सरळ रस्त्यावरही भरकटते. त्यातच जड, रुंद आणि रिमसह बाहेर आलेले टायर घातले, की प्रत्येक दगडाच्या तडाख्याला लांब दांड्याची पकड मिळते. अशा गाडीला एकाच्या जागी दोन डॅम्पर लावलेलेही मी पाहिले आहेत. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. माझ्या मते कायद्याच्या धाकापेक्षा कॅस्टरचा हिशेब समजून घेणे महत्त्वाचे आहे, पण ज्यांना तो पटत नाही त्यांनी निदान कायदा तरी लक्षात घ्यावा.

ही बाब केवळ माझ्यासारख्या शेतकऱ्यांपुरती असती, तर मी आपल्या स्तंभातील जागा मागितली नसती. आपल्याकडे वडापच्या (माणशी भाडे घेऊन प्रवासी नेणाऱ्या) जुन्या जीपगाड्या आजही गावोगाव चालतात. सकाळी शाळेची मुले, बाजाराच्या दिवशी बायामाणसे आणि वारीच्या काळात पंढरपूरकडे जाणारे भाविक त्यांतून प्रवास करतात. त्यांच्या स्टिअरिंगखाली कोणता डॅम्पर कोणता आजार झाकून बसला आहे, हे त्या प्रवाशांना कळण्याचा काही मार्ग नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणाला येते, तेव्हा गाडीची तपासणी होते, आणि व्यावसायिक प्रवासी गाडी आठ वर्षांहून जुनी असेल तर तिला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. प्रादेशिक परिवहन कार्यालयास माझी विनंती आहे की अखंड एक्सलच्या जुन्या गाड्यांच्या बाबतीत या तपासणीत डॅम्पर सोडून आणि पुढची चाके उचलून सांधे पाहिले जावेत. ज्यास फार तर अर्धा तास लागतो, अशी ही गोष्ट आहे.

गॅरेजमधील मिस्त्री बंधूंनाही माझे सांगणे आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी हे काम उन्हातान्हात, गाडीखाली झोपून, हातानेच शिकले आहे आणि त्या कौशल्याबद्दल मला आदर आहे. मला ज्यांनी डॅम्पर बसवून दिला त्यांचा हेतू वाईट नव्हता. गिऱ्हाइकाला थरथर नको होती, ती त्यांनी घालवली. परंतु गिऱ्हाइकाला कळत नाही तेच त्याला सांगणे, हे आपले काम आहे. डॅम्पर मागायला आलेल्या गाडीचे सांधे आधी तपासावेत, त्याची वेगळी मजुरी घ्यावी, झिजलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा आणि तो बदलायला नकार दिला तर डॅम्परही बसवू नये. शेतकरी बांधवांनी तोडी सुरू होण्यापूर्वी एक सकाळ यासाठी राखून ठेवावी. चिखलातून आल्यावर डॅम्परच्या दांड्यावरचा गाळ वाळण्याआधी धुऊन टाकावा, कारण वाळलेली काळी माती सीलला कापते आणि मग तेल गळू लागते.

आमच्या जीपमधून काढलेला तो झिजलेला टायरॉडचा सांधा आणि गळलेला डॅम्पर मी जपून ठेवला आहे. सोलापुरातील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मोटार मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांना हाताळून पाहण्यासाठी त्याचा उपयोग होणार असेल, तर दोन्ही वस्तू मी स्वतः आणून देईन आणि त्यांच्या वर्गात त्या प्रसंगाची सर्व हकिगत सांगायला उभा राहीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मोहोळ तालुक्यातील एक शेतकरी वाचक
(जि. सोलापूर)